डॅडींच्या चाली

१२ नोव्हेंबर, मंगळवार
हेझल क्रीक, केंटकी

प्रिय वेंडल,

कसा आहेस? आम्ही बरे आहोत. थंडी फार पडलीय. मी अजून त्याच हॉटेलात बिस्किटं भाजते. फोनवर मला धड बोलता येत नाही, तू रागावलास की जास्तच. म्हणून लिहितेय.

तू म्हणालास, तुझ्या कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये डॅडींसाठी कोचची जागा काढलीय, खेळाच्या चाली तेच ठरवणार, रविवारी न्यायला येतोस, बॅग भरून ठेव. बॅग मी भरलेली नाही.

लमार अंकलनी भर सामन्यात डॅडींच्या कानावरचा हेडफोन ओढून काढला, ते तू टीव्हीवर पाहिलंस. वीस वर्षांचे दोस्त आणि असं वागले, म्हणून तू त्यांना नको ते बोललास. पेपरातही आलं की मुख्य कोच लमारला रॉयस टॅकेटच्या चाली पटत नाहीत, आता तो स्वतः ठरवणार. गावात अजून लोक लमार अंकलना टोमणे मारतात. डॅडी तर जेवताना रोज म्हणायचे, "लमारला एकच येतं. सासू मागे लागल्यासारखं पोरांना नुसतं पळवायचं." मी हसायचे.

पण वेंडल, त्या दिवशी डॅडींनी जी चाल सांगितली ती आपल्या कॉलेजची नव्हतीच. तू शाळेत होतास तेव्हा ते ज्या कॉलेजात कोच होते, तिथली होती. चेंडू रस्टीला द्या म्हणाले. तिथे खेळणारा रस्टी आता दोन पोरांचा बाप आहे. आपली पोरं एकमेकांकडे बघत उभी राहिली. डॅडी तेच परत सांगायला लागले, आवाज चढवून. तेव्हा लमार अंकलनी हेडफोन ओढला.

हे मला लमार अंकलनीच सांगितलं, आपल्या स्वयंपाकघरात बसून. मी म्हटलं, मग पेपरवाल्यांना खरं का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "मला लोकांनी गाढव म्हटलं तरी चालेल गं. रॉयसला कुणी बिचारा म्हणायला नको."

डॅडी विसरतात, हे मला नवीन नव्हतं. शाळेचा कंटाळा आला म्हणून मी ती सोडली, असं तुला सांगितलं होतं. तसं नव्हतं. डॅडी गॅस चालू ठेवून बाहेर जायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, खेळताना डोक्याला बसलेले मार आता वर येतायत. डॅडींनी शपथ घातली, वेंडलला सांगायचं नाही.

आता डॅडी खूश आहेत. मैदानाच्या कडेला तिघं जण पोरांना चाल सांगायला हातवारे करतात, त्यातल्या दोघांचे खोटे, समोरच्यांना फसवायला, हे तुला मी काय सांगणार. लमार अंकलनी त्यांना परत तिथे उभं केलंय. डॅडींना वाटतं, आपलेच खरे आहेत. पोरांना सगळं माहीत आहे. शनिवारी जिंकल्यावर क्वार्टरबॅक, तो उंच पोरगा, त्यांच्याजवळ येऊन म्हणाला, "कोच, शेवटची चाल झकास होती." डॅडी घरी येताना गाडीत गात होते.

तुझ्याकडे ते खरंच चाली सांगतील. आणि तुझी पोरं एकमेकांकडे बघतील. तुला हेडफोन ओढावा लागेल.

डॅडींना तुझं बोलावणं कळलंय, त्यांनी कोटसुद्धा काढून ठेवलाय. मी नाही म्हटलं तर त्यांना पटणार नाही. तूच फोन कर. सांग की तुझ्या मुख्य कोचला दुसरा कुणी तरुण माणूस हवाय. ते चिडतील, पोटचा पोरगा उलटला म्हणतील, कदाचित फोन आपटतील. आपटू दे. तू काही बोलू नकोस. लमार अंकल सगळ्या गावाचं ऐकून घेतात, तू एका माणसाचं ऐकून घे.

रविवारी मात्र ये. नुसताच ये.

तुझ्या फोनच्या वेळी मी त्यांच्याजवळ बसून असेन.

तुझी,
मेबेल