अन्वीचा उजवा डोळा

१९ जाने.
दुपारी मशीनवर ब्लाउज शिवत होते. मामांची, म्हणजे सासऱ्यांची, चुन्याची ट्यूब बाजेवर उघडीच. अन्वीनं दोन्ही हातांनी दाबली. चुना थेट उजव्या डोळ्यात. माझं चार वर्षांचं लेकरू, असं किंचाळलं की...
शेजारच्या गयाबाई दुधाची वाटी घेऊन आल्या. मामा म्हणाले, "दूध न्हाई, तूप न्हाई. निसतं पाणी. पोरी, डोकं धर तिचं. चोळू देऊ नको." तिला कुशीवर केलं, चुन्याचा डोळा खाली, पापण्या उघड्या धरल्या, आणि तांब्यामागून तांब्या. पापणीआडचा चुना ओल्या फडक्याच्या टोकानं काढला. मी म्हणाले, बस करा, गारठली ती. ऐकलं नाही. अर्धा तास तरी. मग जीपनं हिंगोली. जीपमध्येही बाटलीनं पाणी सोडतच होते.

२० जाने.
दवाखान्यात परत धुतला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "घरी इतका वेळ धुतलात म्हणून निभावलं. पण बुबुळावर जखम आहे. डाग राहील की जाईल, आत्ता सांगता येणार नाही."
दर तासाला ड्रॉप. मामा व्हरांड्यात उभे. मी बोलले नाही त्यांच्याशी.

२१ जाने.
घरी आलो. नवऱ्याचा, सुनीलचा, पुण्याहून फोन. "आबाला काही बोलू नको." आबा म्हणजे मामाच. त्याला तिथून काय जातंय सांगायला.
मामांनी कालपासून घास घेतला नाही. ताट ठेवलं आणि विचारलंच, "ट्यूब उघडी काहून ठेवली?"
"तेच सोताला इचारून राहिलो."
मग म्हणाले, जन्मभर लोकांच्या भिंतींना चुना मारला. विशीत असताना बादलीतला डाव्या डोळ्यात उडला. कुणी तूप घातलं, पाणी न्हाई. "तवापासून ह्या डोळ्याला निसतं धुकं."
सहा वर्षं झाली मला या घरात. मान वळवून बोलतात, तो मला ताठा वाटायचा.
भाकर कुस्करून दिली. खाल्ली अर्धी.

२४ जाने.
मोरीतली ॲसिडची बाटली, माझ्या सुया, कात्री, सगळं वरच्या फळीवर. मामांची तंबाखू काही सुटली नाही. पण ट्यूब गेली. चुना आता घट्ट झाकणाच्या डबीत, डबी पेटीत, किल्ली कमरेच्या करगोट्याला. गयाबाईंना अंगणात समजावत होते, "आधी पाणी, भरपूर. मंग गाडी बघायची."

२८ जाने.
लाली उतरली. उजेड अजून सोसत नाही तिला. ड्रॉप फक्त आबांकडूनच घालून घेते. माझ्याकडून नाही.
आज ड्रॉप घातल्यावर म्हणाली, "आबा, तुमीबी झोपा. डोळे मिटा. पाच मिनिटं उघडायचे न्हाईत."
मामा खरंच आडवे झाले तिच्या शेजारी. पाच मिनिटांची दहा झाली. दोघांचे डोळे मिटलेले. मी मशीन चालवलं नाही.
उद्या हिंगोली. डॉक्टरबाई चांगला डोळा झाकून विचारणार आहेत, समोर किती बोटं.