मेंदूतला जवळा

२ मार्च १९९८, सोमवार
आजपासून कोणावर चिडायचं नाही. माझे गाईड सहदेव सर, जन्मजात खडूस, म्हणाले, शुक्रवारपर्यंत रिझल्ट नाही तर पीएचडी गुंडाळा. गुंडाळतो तुमचं डोकं! आमच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या सोळा जणांना स्कॅनरमध्ये आडवं केलंय मी. आधी नाकाशी सुका जवळा चोळलेल्या कापसाची डबी, मग कोऱ्या कापसाची. दोन्हींतला फरक म्हणजे आमच्या मेंदूतली जवळ्याची जागा. जग बघत राहील.

३ मार्च
मेंदूच्या प्रत्येक ठिपक्याला कॉम्प्युटर फरकाचा आकडा देतो. आपण एक रेघ ठरवायची. तिच्या वरचे, एकमेकांना चिकटलेले ठिपके म्हणजे पुंजका. पुंजका पुरेसा मोठा असला की तो योगायोग नाही, रिझल्ट! रेघ मी आधीच ठरवलेली, ३.१. बदलणार नाही म्हणजे नाही.
संध्याकाळी ५. तीन ठिपके. तेही तीन दिशांना. भिकारडा कॉम्प्युटर.

४ मार्च, सकाळी १०
रेघ २.५. तत्त्व तेच, आकडा वेगळा.
दुपारी १. रेघ २. लॅबमधली सरोज मागून डोकावली, हिला दुसरं काम नाही. म्हणाली, ओहोटीला पाणी उतरलं की खाडीतले चिखलाचे सुटे उंचवटे एक होतात, म्हणून काय नवीन बेट निघालं? रेघ इतकी खाली नेलीस तर योगायोगाचेही पुंजके मोठे होणार. म्हटलं, कोळ्याला खाडी शिकवू नकोस. आली मोठी माजिवड्याची शहाणी!
४.४०. रेघ १.६. आला! नाकामागून निघून पार मानेपर्यंत पुंजका. सिग्निफिकंट! माझंच नाव देणार त्याला, ‘गुणाजी क्षेत्र’.

६ मार्च
सरांनी विचारलं, रेघ आधीच १.६ ठरवलेली ना? हो म्हटलं. मनात होतीच की. सरांनी सही केली, पाठ थोपटली. थेरड्याचा हात जड आहे. बरं वाटलं, पण दाखवलं नाही.

७ मार्च
आईला रिझल्ट समजावला. वासाच्या डब्या तिनेच भरलेल्या, म्हणून. ती खूश. म्हणाली, निम्म्या डब्यांतल्या कापसाला वासच नव्हता रे, तुझी फजिती नको म्हणून मीच सगळ्यांत जवळा चोळला.
सगळ्यांत!
मला कळलं कसं नाही? आमच्या घरात माझ्या शर्टालाही जवळ्याचा वास येतो.
आईवर भयंकर ओरडलो. पीएचडी घालवलीस माझी, म्हणालो. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, सगळ्यांना सारखाच वास होता, तर तुला फरक दिसला कुठून?