नोवा वुका: बोलणारे शून्य

कोर्वारा, बादिया खोरं
६ जुलै १९९८

ति. वोर्शा आत्यास,
ब्यार्नातचा सा. न. वि. वि.

सर्वांत आधी तुझं आणि अख्ख्या नोवा वुका गावाचं अभिनंदन. युरोपातल्या लहान भाषांच्या नकाशाच्या कचेरीतून काल माझ्याकडे तपासायला तक्ते आले, त्यात जर्मनीच्या पानावर आपलं गाव आहे. आपली सोर्ब भाषा बोलणारे: शून्य. एकशे चाळीस माणसं, त्यातल्या तीन म्हाताऱ्या जन्मात कधी गप्प बसलेल्या नाहीत, आणि शून्य. युरोपभर हिंडलो, पण इतकी साफसफाई कुठल्याच गावाला जमलेली नाही.

मी इथे इटलीच्या डोंगरांत लदिन ही इथली जुनी भाषा बोलणारी घरं मोजायला आलोय. चार मोजली. पाचव्या घरी गवत कापणं चाललं होतं, त्यांनी माझ्या हातात विळा दिला आणि मग तीन दिवस मी गवतच कापलं. तक्ते गवताखाली भिजले. इथलं चीज मात्र असं आहे की... पण ते जाऊ दे.

मुद्दा असा की नकाशा सप्टेंबरात छापायला जातो. त्यावर आपल्या गावाचा ठिपका दिसला तरच लेयनाची बालवाडी आपल्या बोलीत चालू राहणार, नाहीतर बंद, असं जिल्हा कचेरीने तिला कळवलं आहे. हे तुम्हाला ठाऊक होतं. मग मोजणीला आलेल्या त्या लुडर्स साहेबांना तुम्ही नेमकं सांगितलंत तरी काय?

लोभ भरपूर आहे, थोडी अक्कलही असावी.

तुझा,
ब्यार्नात


नोवा वुका
१५ जुलै १९९८

चि. ब्यार्नात यास,
वोर्शा आत्याचे अनेक आशीर्वाद, लायकी नसताना.

पत्र पावलं. अक्कल शिकवणाऱ्याने आधी तक्ते कोरडे ठेवायला शिकावं.

लुडर्स साहेब फार सज्जन माणूस. बूट बाहेर काढून आत आले. मी खसखशीचा केक केला होता, शेजारच्या हान्द्रियच्या बायकोने चेरीचा आणला. आता तूच सांग, जर्मन माणूस आपल्या टेबलाशी बसलाय आणि आपण त्याच्या तोंडावर त्याला न कळणाऱ्या भाषेत बोलायचं? आम्हाला आईबापांनी असं वाढवलेलं नाही. अर्थात सगळे जर्मन बोललो. इतकं छान बोललो की साहेबांनी तारीफ केली. हान्द्रियने तर त्या दिवशी घोडीलाही जर्मनमधून शिव्या दिल्या, साहेबांना वाईट वाटू नये म्हणून.

घरात कोणती भाषा बोलता असं त्यांनी विचारलं. हान्द्रियने चौफेर पाहून खरं ते सांगितलं, की आत्ता तर जर्मनच चाललंय. त्यांनी लिहून घेतलं. यात खोटं काय?

लेयना मात्र आठ दिवस माझ्याशी बोलत नाहीये. तिच्याकडे सात मुलं आहेत. बालवाडी बंद झाली तर ती मुलं बसने शहरात जातील आणि नाताळपर्यंत आपली बोली विसरतील, असं ती सगळ्यांना सांगते, मला सोडून. हे बघून माझ्या घशाखाली केक उतरत नाही. काही करता येत असेल तर कर. नसेल तर निदान जेवत जा.

तुझी काळजी करून थकलेली,
आत्या


आल्गेरो
२८ जुलै १९९८

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

कचेरीत पाच वेळा फोन केला. लुडर्स साहेब रविवारी, नऊ ऑगस्टला, पुन्हा येतील. अट एकच: त्यांच्यासमोर दोन तास रोजचं बोलणं आपल्या बोलीत व्हायला हवं. ते ध्वनिफितीवर घेतील. म्हणजे दोन तास तुम्ही उद्धट व्हायचं आहे. हान्द्रिय काकाला आतापासून सराव करायला सांग. घोडीलाही.

मी सध्या सार्डिनियात आहे. इथे जुन्या घरांतून कातालान बोलतात. ती मोजायला आलो आणि एका म्हाताऱ्याची जाळी विणत बसलो. त्याने विचारलं, लोकांच्या भाषा मोजत फिरतोस, तुझी कुठली? मी हातातली गाठ सुटल्याचं नाटक केलं.

आत्या, बारा वर्षं दर रविवारी आम्ही तुझ्या टेबलाशी जेवलो. माझी आई लाइपझिगची, म्हणून तिचा मान राखायला तुम्ही सगळे जर्मन बोलायचात, बाबासुद्धा. ती अंगणात गेली की मात्र टेबल जिवंत व्हायचं. मला आपल्या बोलीतले जे चाळीसेक शब्द येतात ते सगळे तेवढ्या वेळातले: खारट, शहरी, जाड, आली बघ, गप्प बसा. यावर मी त्या म्हाताऱ्याशी काय बोलू? हे पत्रही जर्मनमध्येच लिहितोय. तुमची सभ्यता अशी आहे की तिने आधी मला पुसलं, आता गावाला पुसते आहे.

रागावू नकोस. किंवा रागाव, पण आपल्या बोलीत.

तुझा,
ब्यार्नात


नोवा वुका
२० ऑगस्ट १९९८

चि. ब्यार्नात यास,
आशीर्वाद.

चर्चमधली मिसा आटोपून नऊ जण माझ्या स्वयंपाकघरात जमलो. साहेबांनी यंत्र सुरू केलं आणि अंत्यविधीला बसावं तसे सगळे गप्प. हान्द्रियने आपल्या बोलीत हवेचा विषय काढला, साहेबांकडे नजर गेली आणि अर्ध्यातच जर्मनवर आला. मग साहेबांनी, बिचाऱ्यांनी, शिकून आणलेली दोन वाक्यं आपल्या बोलीत म्हटली. झालं. इतके अडखळत होते की आम्ही नऊच्या नऊ जण जर्मनमधून त्यांच्या मदतीला धावलो. तासभर तसाच गेला. लेयना उठून दारात उभी राहिली. रडत नव्हती, नुसती भिंतीकडे बघत होती.

तुझं पत्र माझ्या खिशात होतं. वहिनीचा मान राखला असं मी इतकी वर्षं समजत होते. मी उठले आणि साहेबांकडे पाठ केली. जन्मात पहिल्यांदा पाहुण्याकडे पाठ केली. आणि आपल्या बोलीत म्हणाले, "हान्द्रिय, माझ्या भावाच्या पोराला आपण आपल्याच टेबलाशी उपरं ठेवलं."

हान्द्रिय म्हणाला, पोरगं मुळात आळशी होतं. मी म्हणाले, तुझी घोडीसुद्धा जर्मन झाली, तू बोलूच नकोस. त्याची बायको मध्ये पडली. मग कोण कोण पडलं ते विचारू नकोस. तुझा आळस, तुझे केस, तू अर्धवट टाकलेल्या दोन शाळा, सगळं निघालं. वहिनीची बाजू घेणारेही निघाले, मला आश्चर्यच वाटलं. साहेबांनी फीत स्वतः बदलली, कॉफी स्वतः ओतून घेतली आणि गेले तेही कुणाला कळलं नाही. निरोप दिला नाही म्हणून मला अजून शरम वाटते.

काल कचेरीचं पत्र आलं. ठिपका मिळाला. लहानसा आहे, लेयना म्हणते माशी बसल्यासारखा. पण बालवाडी सोमवारी उघडतेय. युरोपच्या नकाशावर आपलं गाव तुझ्या आळसाच्या जोरावर उभं आहे, हे ध्यानात ठेव.

हे माझं जर्मनमधलं शेवटचं पत्र. तुझं जर्मनमधलं पत्र आलं तर मी उघडणार नाही. हान्द्रियच्या घोडीला देईन, तिला येतं.

वाट बघणारी,
आत्या


आल्गेरो
२९ ऑगस्ट १९९८

आत्या,

नमस्कार. हे पत्र मी आपली बोलीत लिहिला. शब्द पुस्तकातून घेतला. चार दिवस लागला.

मी येतो. शनिवार, बस चार वाजता. राहतो. किती दिवस, माहीत नाही. लेयनाला विचार, बालवाडीत मोठा मुलगा चालतो का. मागे बसतो.

तू हसणार. हस. हान्द्रिय काका हसणार. हस. पण मी बोलताना अडकलो तर थांबा. खूप वेळ थांबा. जर्मन देऊ नका.

तुमचा,
ब्यार्नात