साडूच्या गाडीची थडथड

गुरुवार, संध्याकाळ

दिलीपनं, माझ्या साडूनं, नवी गाडी घेतली. वीस वर्षं लोकांच्या गाड्या मी चालवतोय आणि पूजेच्या लिंबावरून स्वतःच्या गाडीचं चाक नेलं त्यानं! पण गल्लीत हळू वळवताना पुढचं टायर थडथडलं. बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू?

रुंद टायर, स्टेअरिंग पूर्ण कापलेलं, म्हणजे टोकापर्यंत वळवलेलं, मग थडथडतंच. दोष नसतो तो. हे ठाऊक असून म्हणालो, "लक्षण काय बरं न्हाय."

त्याचा चेहरा उतरला. किल्लीच दिली हातात. "दाजी, तुमीच ठेवा, चालवून बघा की. दुसऱ्या कुणावर इश्वास न्हाय माजा."

खरं उद्या सांगेन. की परवा? आधी बायकोला अक्कलकोटला फिरवून आणतो. वळताना थडथडेल. थडथडू दे.