मांडीवरचं कुत्रं

३ नोव्हेंबर १९६१
ब्रुज शहराबाहेर कालव्याकाठी हे घर आहे, ऐसपैस आणि उबदार. मालकीण गोडेलीव्हबाई सत्तरीच्या, बिनलग्नाच्या आणि बोलघेवड्या. माझी बॅग हातातून घेत म्हणाल्या, चित्रं साफ करायला कुणी दाढीवाला म्हातारा येईल वाटलं होतं, तू तर बरी निघालीस. जेवायला मटारचं सूप आणि बिअर. कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले. नेले, माझी चार वर्षांची लेक, मेंदूज्वराने गेली तेव्हापासून एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटत नाही. बाईंना यातलं काही सांगितलं नाही.

५ नोव्हेंबर
चित्र दिवाणखान्यात आहे. अडीचशे वर्षांपूर्वीचं तैलचित्र: काळ्या पोशाखातली बाई आणि मांडीवर कुत्रं. कुत्र्याचा चेहरा थेट आमच्या पाद्रीबुवांसारखा. वरचं रोगण काळवंडलंय. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा. थुंकीइतकं सौम्य औषध नाही. बाईंनी नाक मुरडलं, म्हणाल्या, एवढी शिकून थुंकायलाच आलीस होय.

९ नोव्हेंबर
कुत्रं मागाहून रंगवलेलं आहे. कानापाशी रंग सुटला आणि खाली लहान मुलाची बोटं दिसली. असा रंग थुंकीने सुटत नाही, हा सुटला. बाईंना दाखवलं तर त्यांचा चेहरा पडला, मग त्यांनी सगळं सांगितलं. चित्रातल्या बाईची मुलगी वारली होती. आईने तिला आपल्या मांडीवर रंगवून घेतलं आणि मग ती चित्रापुढून उठेना, जेवेना. खुर्चीतच गेली. नवऱ्याने मुलीवर कुत्रं रंगवून घेतलं. पुढे बाईंच्या मावशीचं मूल गेलं, तिने कुत्रं खरवडलं, आणि तिचंही तेच झालं. कुत्रं पुन्हा रंगवलं.

मग मी नेलेचं सांगितलं. बाईंनी माझा हात घट्ट धरला.

"आधी कळतं तर तुला बोलावलंच नसतं. राहू दे ते कुत्रं, पोरी."

मी हो म्हटलं.

१२ नोव्हेंबर
राहू दिलं नाही. मुलीच्या कपाळापुरतंच, असं म्हणत बोळा फिरवला. डाव्या भुवईवर खोक आहे. नेले जिन्यावरून पडली होती, तेव्हाची. भीती वाटली. त्याहून जास्त आनंद झाला, खरं तेच लिहिते.

१४ नोव्हेंबर
नाक, गाल, सगळं तिचंच. बाहेर निघताना मी रुमालाचं टोक जिभेवर ओलं करून तिचं तोंड पुसायची, ती चिडून नाक आकसायची. आज बोळा गालाला लागला आणि नाक आकसलं. रंग हलत नसतो. माझा जन्म यात गेलाय, मला माहीत आहे —

१६ नोव्हेंबर
बाई दाराशी सूप ठेवून जातात. गिळवत नाही. आज दाराआडून म्हणाल्या, "ती तुझी नाही गं. ती कुणाचीही होते."

असेल. पण आत्ता माझी आहे.

१७ नोव्हेंबर
बाई रडल्या, म्हणून शब्द दिला. कुत्र्यासाठी रंग घोटला. आज झाकायचंच. ब्रश तिच्या तोंडाशी नेला. तिने शहाण्यासारखे डोळे मिटले. रडलीसुद्धा नाही — मला नाही जमत —

दुपारी
चित्रातल्या बाईची मांडी रिकामी आहे. नेले चित्राच्या चौकटीशी उभी, दोन्ही हात वर. उचलून घे म्हणायची, तशी. गोडेलीव्हबाई दार ठोठावतायत. मी हात पुढे केले. दुखण्याआधी होती, अगदी तेवढीच जड —