आखाजीचं बरोबर उत्तर

तीर्थस्वरूप बेबाअक्काला रावेरहून धाकट्या बन्सीलालचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि दोंडाईच्याचं ऊन (या तिघांचं आपसात जमत नाही, ठाऊक आहे) बेताने असतील अशी आशा करतो. तीन वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, सगळे जागच्या जागी आहेत. फोन केला तर तूच बोलशील आणि मी ऐकत बसेन, म्हणून लिहितो.

झालं असं, की सूनबाई सारिकाने माझ्या मोबाइलात एक खेळ घालून दिला. कॉम्प्युटरला म्हणे मोठमोठं सगळं येतं, पण घरातलं साधं काही कळत नाही. ते आपण शिकवायचं. आपल्याला येतो तोच प्रश्न कुठल्यातरी अनोळखी माणसालाही जातो. दोघांचं उत्तर जुळलं की दहा गुण, आणि यंत्र ती गोष्ट खरी धरतं. मी शिकवायला बसलो आणि नापास होत गेलो. केळी कुठून येतात? मी लिहिलं, बागेतून. समोरचा म्हणे दुकानातून. वांग्याचं काय करतात? मी भरीत, समोरचा भाजी. (भाजी! मला त्याची कीवच आली.) तुझी भावजय मंजुळा शेवटी वैतागली, "यंत्राले शिकवता, अन् अक्काले एक फोन कराले काय होते तुम्हाले?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

परवा प्रश्न आला, अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, काय करतात? मी लिहिलं, बहीण माहेरी येते. समोरचा, सोनं घेतात. पाच वेळा हरलो, पण उत्तर बदललं नाही. सहाव्यांदा जुळलं! मी खाटेवरून उठूनच बसलो. अक्का, तुझ्याशिवाय कोण असणार? भर पंगतीत तुझे मांडे जाड झाले असं मी बोललो, तेव्हापासून तू आखाजीला आली नाहीस. चुकलो मी. झोका दरवर्षी बांधतो, पण तू नसलीस की त्याच्याकडे बघवत नाही.

यंत्राने आता ते खरं धरलंय. यंदा आली नाहीस, तर मी त्याला खोटं शिकवलं असं होईल.

तुझा
बन्सीलाल

ता. क. मांडे भाजायचं तुझं खापर घेऊन ये. मंजुळाचे मांडे पातळ होतात, पण फाटतात. (हे पत्र तिच्या हाती देऊ नकोस.)

आणखी एक ता. क. सारिका म्हणते, समोर कोणी नसलं की यंत्र आपलंच जुनं उत्तर पुढे करतं. म्हणजे जुळलं ते माझं माझ्याशीच. शिवाय तुझा फोन अजून बटणांचा आहे म्हणे. असू दे. भुसावळला गाडी बदलावी लागते, आखाजीच्या आदल्या दिवशी मी तिथे फलाटावर उभा असेन.