उलटा बसवलेला एअर कंडिशनर

अण्णा, आज मी घरासाठी एअर कंडिशनर निवडायला गेले होते. विक्रेती सांगत होती, हेच उन्हाळ्यात गार करतं नि थंडीत ऊब देतं, अगदी नवीन आहे. नवीन कसलं डोंबलाचं! बेंगळुरात तुम्ही हे साठ सालच्या सुमारास करून बसला होतात.

डिसेंबर आला की आईचा दमा उफाळायचा. शेगडीचा धूर तिला सोसत नव्हता, हीटरनं घसा कोरडा पडून खोकल्याची ढास लागायची. तुम्ही कारखान्याच्या रेफ्रिजरेशन खात्यात होतात. भंगारातला एअर कंडिशनर दुरुस्त करून क्वार्टरच्या खिडकीत चक्क उलटा बसवलात, गार तोंड बाहेर आणि गरम पाठ आत. शेजारच्या अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. पण आई त्या आठवड्यात आडवी होऊन झोपली. तुम्ही मला एकच बजावलंत, बंद खोलीत शेगडी न्यायची नाही, धूर नसला तरी निखाऱ्यांचा वायू जीव घेतो.

त्या सकाळी तुम्ही पहिल्या पाळीला गेलात. यंत्राच्या खडखडाटानं आईचं डोकं उठलं, म्हणून तिनं मला ते बंद करायला लावलं. थोड्या वेळानं ती कुडकुडायला लागली. मी अकरा वर्षांची, अतिशहाणी. निखारे लालबुंद फुलले आहेत, धूर नाही, मग काय होतंय? शेगडी तिच्या खाटेशी ठेवली, दार लावलं आणि स्वयंपाकघरात गेले. परत आले तर ती हाकेला ओ देईना.

ती वाचली. पण तुम्हाला वाटलं, तुमच्याच यंत्रातला गॅस गळला. तुम्ही साबणाचा फेस लावून एकेक सांधा तपासता आहात, मी वाटी धरून उभी आहे. कुठेच बुडबुडा येत नाही. तुम्ही पुन्हा पहिल्या सांध्यापासून सुरुवात करता.

"तुला काही वेगळं दिसलं का गं?"

"नाही, अण्णा."

संध्याकाळी तुम्ही यंत्र उतरवलंत. आई पुढचे सगळे हिवाळे उशांना टेकून, बसून काढत राहिली आणि तुम्ही घरात साधा पंखासुद्धा दुरुस्तीला उघडला नाहीत. मला तुमच्यापुढे फार लाज वाटते, अण्णा. तुम्ही गेलात, आता हे पत्र पोचणार कुठे, म्हणूनच लिहिण्याचा धीर झाला.

शेगडीचं एक वेळ सांगितलंही असतं. पण आई निपचित दिसली तेव्हा मी आधी अक्कांना हाक मारली नाही. आधी शेगडी परसात नेली, निखाऱ्यांवर पाणी ओतलं, हात धुतले. मग ओरडले.